छत डिकीत आहे

पुस्तिकेत लिहिलंय, हे काम दोघांनी करावं.
एकाने डाव्या दाराशी, दुसऱ्याने उजव्या.
आधी पुढचे दोन खटके, मग मागचा,
मग एकदम, न बोलता, वर.

'न बोलता' पुस्तिकेत नाही.
ते मी घातलं.
हेमांगी बोलते.
"अहो, माझ्या बाजूनं जड आहे."
"अहो, तुमचा अंगठा काचेवर उमटला."
"आणि एवढा खटाटोप कशाला, तर डोक्यावर ऊन यावं म्हणून?
मस्कतमध्ये?"

खरं आहे तिचं.
वर्षातले आठ महिने इथे आभाळाकडे कुणी मान वर करत नाही.
पण डिसेंबरातल्या शुक्रवारी, सकाळी सातला
रुवीच्या डोंगरांवरून जे वारं उतरतं
त्याच्यासाठी मी, बावन्नाव्या वर्षी,
मायदेशी निघालेल्या एका स्कॉटिश इंजिनिअरकडून
ही दोनच माणसांची लाल गाडी घेतली.
सव्वीस वर्षं सिमेंटच्या गोण्या मोजल्यात.
एवढं चालतं.

काढलेलं छत डिकीत ठेवायचं.
चकाकती बाजू वर, पुढची कड मागे,
दोन खोबणी आहेत, तिथे टक्क असा आवाज यायला हवा.
नाही आला तर पहिल्याच उतारापासून
ते आतल्या आत कुरकुरत राहतं,
लग्नात मान न मिळालेल्या आत्यासारखं.

टक्क झालं.
आणि डिकीत जागा उरली
एका पंचाची. टॉवेलची नव्हे, पंचाची.

हे आम्हाला कळलं कुरियातच्या मासळीबाजारात.

चार किलोची सुरमई. इथे तिला कनद म्हणतात.
हमूद नावाच्या पोराने ती कागदात गुंडाळली,
गाडीपाशी आणली. कुठे ठेवू?
मी डिकी उघडली.
तो डिकीतल्या छताकडे बघत राहिला.
मग वर, जिथे ते असायला हवं होतं तिथे.
मग सुरमईकडे.
"बाबा," तो आपल्या हिंदीत म्हणाला,
"एक तर छत न्या, नाही तर मासा."

हेमांगीने हात पुढे केले.

मग ती मांडीवर आडवी घेऊन आम्ही निघालो,
डोकं दाराकडे, शेपूट गिअरपाशी.
तिसरा टाकला की माझी बोटं ओली.
वरती निळं, नुसतं निळं,
आणि हेमांगी चक्क गुणगुणत होती,
एका हाताने पदर, एका हाताने मासा धरून.

अर्ध्या वाटेवर वारं फिरलं.
समोरचे डोंगर आधी पुसट झाले, मग नव्हतेच.
दातांत वाळू.
कडेला थांबलो. सुरमई बॉनेटवर,
पाहुणीला पाट दिल्यासारखी.
डिकी. खोबणी. उचल.
वारा छत मागत होता, हिसकून,
तिच्या बाजूनं जास्त.
ती एक शब्द बोलली नाही.
मला पलीकडे फक्त तिची बोटं दिसत होती,
पांढरी पडलेली, खवल्यांनी भरलेली.
खटका. खटका.
तिसरा आतून लावला, आणि आत
एकदम इतकं शांत झालं
की दोघांनाही आठवलं, मासा बाहेरच आहे.

आता जून.
हेमांगी मार्चपासून सांगलीला. तिच्या आईचा खुबा मोडला.
छत जागेवर. डिकी रिकामी.
वाटेल ते ठेवता येईल.

काल सिग्नलला वर बघितलं तर
आतल्या राखाडी कापडाला, तिच्या बाजूला,
एक खवला चिकटलेला.
नखाने निघाला असता.
मागच्याने हॉर्न दिला.

रात्री फोनवर सांगितलं.
म्हणाली, "बघा, वास येत असेल अजून."

मी खाली गेलो.
काचा वर, एसी बंद,
पार्किंगमध्ये अजून एकेचाळीस डिग्री.
डोळे मिटून हुंगून बघितलं.

येतो. थोडासा.